लेकुरवाळीच्या हातून

२६ ऑगस्ट, मंगळ.
सासूबाई पुण्याहून इकडे परदेशात येऊन चार दिवस झाले. आज फर्मान: गौरी लेकुरवाळीच्याच हातून घरात यायला हव्यात. म्हणजे मेधा. समीरची पहिली बायको! "अगं, रीत आहे आपली." घटस्फोट झालेलीचे हात चालतात, माझे नाहीत. समीर फोनमध्ये डोकं घालून. शुक्रवारी माझा आयव्हीएफचा शेवटचा एम्ब्रियो ट्रान्सफर झाला, पुढच्या मंगळवारी ब्लड टेस्ट. सासूबाईंना पत्ता नाही. आणि मी म्हणे चिडायचं नाही.

२८, गुरु.
युनीत ट्यूटोरियल घेतलं. विषय काय, तर प्राचीन इस्राएली घरातल्या सवती. एकीला पोरं, दुसरीला नुसतं नवऱ्याचं प्रेम. दर सणाला पहिली दुसरीला टोचून टोचून रडवायची. एक मुलगी म्हणाली, "थँक गॉड, आता असं नसतं."
"नसतं," म्हटलं.

३१, रवि.
मेधा आली, नऊवारी वगैरे नेसून. दारापासून कुंकवाची पावलं मी काढलेली, गौरी घेऊन चालली ती. मी मागून ताट वाजवत. वर कानाशी येऊन, "तुझ्याही हातून येतील गं कधीतरी." काय जळफळाट झाला माझा!

१ सप्टें., सोम.
पूजेला हात जोडले. बाळ मागायचं ठरवलं होतं. मनात आलं भलतंच: या मेधाला एकदा रडताना बघू दे.
जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला. मेधा-समीरची इरा पुढच्या वर्षी हायस्कूलला. इथली शाळा हवी तर तिच्या हद्दीत, म्हणजे आमच्या ग्लेन वेव्हर्लीतच राहायला हवं. तर जानेवारीपासून इरा आमच्याकडे. बाळासाठी ठेवलेल्या खोलीत. समीरला माहीत होतं, मेधाला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना!
इरा: "सो, ममकडे ओन्ली वीकेंड्स?"
मेधा भांडी विसळायला उठली. नळ मोठा सोडून रडली. पाहिलं मी. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२, मंगळ.
दुपारी क्लिनिकचा फोन. प्रेग्नन्सीचा आकडा आलाय, पण फार कमी. टिकेल न टिकेल. गुरुवारी परत टेस्ट.
सासूबाई विसर्जनाच्या तयारीत, त्यांना बोलले नाही. समीरलाही नाही. मेसेज केला तो मेधाला. का केला, देव जाणे. रात्रभर तिचं ते रडणं डोक्यातून गेलं नव्हतं, म्हणून असेल.
तासाभराने तिचं उत्तर: "टिकलं, तर इरा कुठे झोपणार?"
तीनदा लिहून खोडलं.