बिनकाठीचा गॅब्रियल

८ नोव्हेंबर १९७१, सकाळ
आजपासून व्यायाम एकदम कडक. मार्चमध्ये डोलकाठीवरून बोटीत पाठीवर आपटलो. डॉक्टर म्हणाले, कण्याला मार आहे, पण नस पूर्ण तुटलेली नाही. रोज मेहनत केली तर पाय परत येतील. मेहनतीला गॅब्रियल कधी घाबरला? जानेवारीत पोरीचं, मार्सेलिनचं लगीन. तिला हात देऊन चर्चच्या दारापासून अल्तारापर्यंत मीच नेणार, तेही काठीशिवाय. फादरना सांगून टाकलंय. अख्ख्या उत्तन गावाला कळलंय.
तयारी म्हणून आज पूर्ण विश्रांती.

९ नोव्हेंबर
हॉस्पिटलच्या व्यायामवाल्या मॅडमनी दोन दांड्यांमधून चालायला सांगितलंय. मेव्हण्याने, पीटरने, बोंबील सुकवायच्या वलांडीचे दोन बांबू कमरेएवढ्या उंचीवर बांधून दिले. मस्त चाललो. बायको, कार्मिन, मागून माझा कमरेचा पट्टा धरून येते. कशाला, ते तिलाच ठाऊक. बायकांना काहीतरी धरून ठेवायची सवयच असते.

२० नोव्हेंबर
व्यायाम नाही. बांबूंवर बोंबील. जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगल्यात, हात ठेवायचा कुठे? कार्मिन म्हणाली, सरकवून देते. मी म्हटलं, राहू दे, धंद्याचं नुकसान नको. घरासाठी त्याग करावा लागतो.
तिने सरकवलेच.

५ डिसेंबर
पाकिस्तानशी लढाई सुरू. ब्लॅकआऊट. म्हणून व्यायाम बंद. देशापुढे आपले पाय म्हणजे काय! कार्मिन म्हणाली, ब्लॅकआऊट रातीचा, आता सकाळचे नऊ वाजलेत, ऊठ. या बाईला राजकारणातलं काही कळत नाही. पट्टा मात्र करकचून बांधते.

२६ डिसेंबर
काल नाताळ. आज दोन्ही पाय थरथरतायत. नस जागी होत असणार. कार्मिनच्या मते वाईन.

४ जानेवारी १९७२
टेलर लग्नाचा कोट घेऊन आला. पाठीमागे मधोमध लांबलचक चीर! मी विचारलं, हे काय रे बाबा? त्याने कार्मिनकडे बघितलं आणि म्हणाला, नवी फॅशन आहे, अंकल. फिटिंग झकास. पीटर तोंड फिरवून खोकत होता. त्याने बिड्या कमी करायला हव्यात.

१६ जानेवारी, दुपार
कार्मिन मासळी घेऊन भाईंदरला गेलेली. पीटरला म्हटलं, आज बघच, पट्टा न धरता कसा चालतो. तो म्हणाला, बायला येऊ दे. बहिणीला घाबरतो, भित्रा लेकाचा! चाललो. खरंच चाललो. मग बांबू सुटला. मी खाली, वलांडी माझ्यावर, बोंबील सगळीकडे. बांबू नीट बांधलेला नव्हता.
पडल्यावर पाय कुठे आहेत तेच कळेना. बोटीत झालं होतं, अगदी तसंच. लई घाबरलो. आता मार्सेलिनला खुर्चीत बसून नेणार काय? मग अंगठा हलला. डोळ्यांतून पाणी आलं. ओल्या बोंबलाचा वास डोळ्यांना झोंबतो.
कार्मिन आली. पीटरला शिव्या घातल्या, मला एक शब्द नाही. तोंडावरचे खवले पुसले आणि पट्टा बांधला.

१७ जानेवारी
व्यायाम केला. कार्मिनला मीच हाक मारली. तिला बरं वाटावं म्हणून.

३० जानेवारी, संध्याकाळ
लगीन झालं. काठी नव्हती, हे आधी लिहून ठेवतो.
चर्चच्या दारात मार्सेलिनने माझा हात धरला. तेवढ्यात पाठीला काहीतरी लागलं. कोटाच्या चिरीतून कार्मिनचा हात आत, मूठ पट्ट्यावर. ही होय फॅशन! तसेच निघालो, बाजूला नवरी, मागे ती. पहिल्या बाकावरची म्हातारी खुदकन हसली, मग अख्खं चर्च. मार्सेलिन तर मलाच धरून हसत होती.
अल्तारापाशी पोचलो. फोटोवाला कॅमेरा लावून तयार. मी हळूच कार्मिनला म्हटलं, आता सोड, लोक बघतायत.
तिने सोडला.
मी म्हटलं, धर.