आधीच्याला पत्र

४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दिग्दर्शकांना आणि नृत्यदिग्दर्शकांना संघटना हवीच कशाला, असे तू विचारलेस. मला असा प्रश्न विचारणे म्हणजे निवृत्त मास्तरांच्या हाती खडू देणे. आता ऐकावेच लागेल.

एका नाटकात नट दहा असतात, दिग्दर्शक एकच. नाच बसवणाराही एकच. दहांतल्या एकाला दुखले तर नऊजणांना कळते. आपले दुखणे कळायला आपल्या पेशाचे दुसरे माणूस त्या खोलीतच नसते, कारण एक बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत येत नाही. चाळीस वर्षांत मी एकाही दिग्दर्शकाला काम करताना पाहिलेले नाही. पहिल्या सभेत याचा प्रत्यय आला. एकेचाळीस सभासद आले आणि सगळे आठव्या रांगेच्या आसपास, मध्ये दोन-दोन खुर्च्या सोडून बसले. वर रंगमंचावर जाऊन बोलायला कोणी तयार होईना. खालून सूचना मात्र एकेचाळीस.

त्या सभेत मी लिहिलेले सातवे कलम मंजूर झाले. ज्या तालमीतून एक सभासद बाहेर पडला, तिथले काम घेण्याआधी दुसऱ्याने त्याला स्वतः पत्र लिहून विचारावे. ऐकीव उत्तर चालणार नाही. आधीच्याने लेखी कारण देऊन नाही म्हटले, तर विचारणाऱ्याने ते काम घेऊ नये.

माझी तालीम दुसऱ्या अंकात आहे. पडदा उघडेपर्यंत नाटकाचे नाव घरच्यांनाही सांगायचे नाही, हा माझा हट्ट तुला ठाऊक आहे. रोज एक प्रवेश मी भिंतीकडे तोंड करून, नुसता कानांनी पाहतो. तुझी मामी याला माझे रुसून बसणे म्हणत असे. ती गेल्यापासून टपालपेटीत विजेच्या बिलाखेरीज काही पडत नाही. लिहीत जा.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.
तुझा मामा

१९ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

एका निर्मात्यांनी बोलावलं म्हणून काल तुमच्या गावी येऊन गेले. दुपारच्या गाडीनं परतले, तुमच्याकडे थांबले नाही. कान भेटल्यावर उपटा. अख्खं नाटक बसवायला देतायत मला. चौदा महिने मी दुसऱ्यांच्या नाटकांत नाच बसवतेय, आणि सगळीकडे नुसती ‘अहो, नाचाच्या बाई’. आता पहिल्यांदा नाटक माझं असेल.

आधीचे दिग्दर्शक तब्येतीमुळे गेले, असं निर्माते म्हणाले. तब्येतीला काय झालं विचारलं, तर म्हणाले, हट्ट झाला. नाव काही सांगेनात. तालमीची खोली दाखवली. उजेड छान आहे, फरशीवर नटांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या खुणा अजून तशाच आहेत. मी तिथं जरा जास्तच वेळ उभी राहिले.

आता सातव्या कलमाप्रमाणे पत्र लिहायचंय. आपलं कार्यालय ते पोचवेल म्हणे. अशा माणसाला काय लिहायचं असतं, मामा? आणि तुमची तालीम कशी चाललीय? खरंच, कशी चाललीय?

माया पातळ होऊ देऊ नका.
भिंगरी

२३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. अभिनंदन. तू हे काम करू शकतेस, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

अशा पत्राची रीत सांगतो. समोरच्याची स्तुती करू नये. बाहेर काढलेल्या माणसाला ती श्रद्धांजलीसारखी ऐकू येते. कीवही करू नये. तुम्ही का बाहेर पडलात, हे सरळ विचारावे. मग, तुमचे काय ठेवू आणि काय काढू, हे विचारावे. मागे आपले काही उरले आहे आणि कोणी त्याची विचारपूस करते आहे, एवढ्यानेही माणसाला आपण तिथे खरोखर होतो असे वाटते. शेवटी, त्याने नाही म्हटले तर तुझे काय बुडेल, तेही लपवू नये. नकार देणाऱ्याला नकाराची किंमत माहीत असावी.

माझ्या तालमीविषयी सवडीने.

आहे तो लोभ जपून ठेव.
मामा

२८ सप्टेंबर
(संघटनेच्या कार्यालयामार्फत)

आधीच्या दिग्दर्शकांस,
स. न. वि. वि.

तुम्ही का बाहेर पडलात? तुमचं काय ठेवू आणि काय काढू?

तुम्ही नाही म्हणालात, तर माझं पहिलं नाटक बुडेल. दुसरं कधी येईल, येईल की नाही, ते सांगता येत नाही. दडपण आणायला हे लिहीत नाही. मला असंच शिकवलं आहे.

आणखी एक विचारते, ते कलमात बसत नसेल तर सोडून द्या. हे झाल्यापासून तुमच्याशी कुणी बोललं आहे का?

आपली,
नंतरची

६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर ओळखलेस ना? आधीचा मीच.

दहा सप्टेंबरला मी निर्मात्यांपुढे संघटनेचा लेखी करार ठेवला. पाने दोनच. ते म्हणाले, इतकी वर्षे शब्दावर काम केलेत, आता कागद कशाला. मी म्हटले, शब्द चांगलाच आहे, म्हणूनच तो लिहून ठेवू. दुसऱ्या दिवशी खोलीला नवे कुलूप होते. कार्यालयातल्या बाईंखेरीज मी हे कोणाला सांगितले नाही. कलम लिहिणाराच पहिला बाहेर पडला, हे कोणत्या तोंडाने सांगू?

तुला मी आधी होकार लिहिला होता. चांगला उतरला होता. मग फाडला. पहिल्याच खेपेला कलम माझ्या भाचीसाठी वाकले, तर उद्या असाच कोणी एकटा बाहेर काढला जाईल, त्याच्या पाठीशी काय उरेल? म्हणून माझे उत्तर: नाही. कारण: लेखी करार नाकारला.

तुझे पहिले नाटक मी बुडवले. लोभाविषयी आज काही मागत नाही.
मामा

११ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

निर्मात्यांना तुमचा नकार कळवला आणि काम सोडलं. खूप रडले, खोटं कशाला सांगू. मग चहा केला, एक कप माझा, एक तुमच्या नावाचा, आणि दोन्ही मीच प्यायले.

पण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या खोलीत सगळ्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, एक सोडून. ती भिंतीकडे तोंड करून होती. निर्माते म्हणाले, कुणीतरी वेड्यासारखी ठेवलीय. तिथून तुमच्या दारापर्यंत आले होते. बेल वाजवली असती, तर तुम्ही हसत दार उघडून तालीम झकास चाललीय म्हणाला असता, आणि मी काय करणार होते? मला तुम्ही थाप माराल, पण कलमाला मारणार नाही, म्हणून पत्र लिहिलं.

भीती होती ती होकाराची. नाटक मिळालं असतं, पण मामा हरवले असते.

त्याच दिवशी तिथल्या राखणदाराला सांगून आलेय, ती खुर्ची हलवू नका, ती मापानं ठेवलीय.

रागावले आहे, तरी तुमचीच,
भिंगरी

२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

निर्माते एकेका दिग्दर्शकाचे दार ठोठावत आहेत, आणि प्रत्येकाला कलमाप्रमाणे मला लिहावे लागते. अकरा पत्रे आली. पोस्टमनने विचारले, घरात काही कार्य आहे का. माझ्याहून वडील अशा एका नृत्यदिग्दर्शिकेने आठ पाने लिहिली; त्यांतली सात, त्यांना स्वतःला कसे काढले याची. एका तरुणाने फरशीवरच्या खुणा पाहून लिहिले, नाही म्हणालात तरी चालेल, पण दुसऱ्या अंकात सगळे डावीकडूनच का येतात, तेवढे सांगा. त्याला मी आकृतीसह चार पाने पाठवली. चाळीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते.

अकराही जणांना नाही कळवले. अकराही जणांनी काम सोडले. निर्मात्यांकडून मला काही आलेले नाही. खोली बंद आहे. दुपारी तालमीची वेळ झाली की मी चपला घालतो, आणि थोड्या वेळाने काढतो.

ही अकरा माणसे नियमाने लिहितात आणि उत्तर मिळाले की थांबतात. तुझे उत्तर तर तुला कधीच मिळाले. आता तुला कोणतेही कलम लागू नाही. तरी लिही.

लोभ असावा, कलमावाचून.
मामा