कण्यांच्या ओठाचा शंख

प्रिय आये,

तू असताना तुला 'तू' म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. आज म्हणते. रागावलीस तरी आता काय करणार आहेस?

पत्राला कारण तुझी नात. चंदाला शाळेच्या बाईंनी सांगितलंय, किनाऱ्यावरचा एक जीव आणा आणि तो कसा ओळखायचा ते लिहा. पोरीने खडपावरून, आपल्या त्या काळ्या खडकांवरून, सुपारीएवढा शंख आणला. मी सांगायला बसले आणि प्रत्येक शब्द तुझाच निघाला. पाठीवर नख फिरव, रेघा लागतात. तोंड अर्ध्या चंद्रासारखं. ओठावर बारीक दाणे आणि आत दगडासारखं कडक दार, हात लागताच मिटणारं.

सांगता सांगता तो दिवस आठवला. साल एकावन्न-बावन्न असेल, सून म्हणून तुझ्या घरात येऊन महिनाही झाला नव्हता. दर्या चार दिवस खवळलेला, रापण बंद, घरात मासळीचं नाव नाही. सुकतीला, पाणी ओसरल्यावर, तू मला टोपली देऊन बायकांबरोबर खडपावर धाडलंस. माझे बाबा दर्यावरचेच, पण कसालच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसले आणि मी तिथेच भातमळ्यांत वाढले. मला खडपातलं काय कळणार? चालतात ते जिवंत, चिकटलेले ते मेलेले, एवढं माझं शहाणपण! वेचून वेचून चालणारे उचलले. सगळ्यांच्या आधी टोपली भरली म्हणून मनात फुशारले.

अंगणात ओतली, तर प्रत्येक शंखातून कुर्लीचे, खेकड्याचे पाय! रिकाम्या शंखात शिरून बसलेल्या उपऱ्या कुर्ल्या त्या, खायच्या कामाच्या नाहीत. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. असली सून आणलीस, आता उपाशी मर, असंही एक बोलली. मी मान खाली घालून उभी. सकाळची पहिली मोटार धरून कसाल गाठायचं, एवढंच डोक्यात होतं.

तू चूल सोडून बाहेर आलीस. ढिगाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस, "मियाच सांगितलंय तिका. गरीक आमिष होया होता."

गळाला आमिष! बायका आपापल्या वाटेने गेल्या.

मग माझा हात धरून मला परत खडपावर नेलंस. पाणी चढायला लागलं होतं. एक चिकटलेला शंख उपटून त्याचा ओठ माझ्या अंगठ्याखाली धरलास. "बघ गो, तुझ्या कसालच्यो कण्यो." खरंच, तांदळाच्या कण्याच जणू ओठाला चिकटलेल्या. आणि वर म्हणालीस, "पळता तो आपलो न्हय. धरून रवता तो आपलो." सकाळची मोटार माझ्यावाचून गेली.

आता खरं सांग, आये. आपल्या घरात गळ होता कुठे? आपण रापणीची, किनाऱ्यावरून जाळं ओढणारी माणसं! पडवीत जाळ्याशिवाय कधी काही टांगलेलं नव्हतं. त्या बायकांना ते पक्कं ठाऊक होतं, पण तुझ्यापुढे बोलायची एकीचीही छाती झाली नाही. मी मात्र येडी! इतकी वर्षं समजत होते, चुकून का होईना, कामाचं काहीतरी आणलं होतं. आज दुपारी चंदाला सांगताना डोक्यात प्रकाश पडला आणि रडूच फुटलं. पोर बघतच राहिली.

आणि तुझं ते शेवटचं वर्ष. दिसेनासं झालं होतं, तरी "माका खडपार व्हर" म्हणून रोज मागे लागायचीस. मी काय म्हटलं? घसरून पडाल, मग निस्तरायचं कोणी! असं तोडून बोलले. वाडगाभर शंख तुझ्या पुढ्यात ठेवले आणि कामाला लागले. तू एकेकाचा ओठ चाचपून एक बाजूला काढलास, म्हणालीस ह्यात चोर आहे. होताच, आत उपरी कुर्ली. मी तुला न्यायला हवं होतं गो. असं किती लांब होतं? हात धरून नेलं असतं, तू मला नेलंस तसं.

चंदाच्या भावाचं कधीतरी लग्न होईल. सून कुठली येईल, देव जाणे. पण तिने माझ्या अंगणात टोपलीभर उपऱ्या कुर्ल्या ओतल्या, तर मी चूल सोडून बाहेर येईन आणि चारचौघींत सांगेन, मीच सांगितलं होतं तिला. घरात गळ नसला तरी सांगेन.

तुझी, धरून राहिलेली सून,
इंदू