दोन चमच्यांची चिठ्ठी

मी, वय एकोणसत्तर, वनौषधींचा दुकानदार, राहणार दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. चित्त तेवढे नाही. इतके लिहीपर्यंत दोनदा उठून जिना पाहून आलो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली म्हणजे मी टाळली होती.

१. घर, दुकान आणि बँकेतील ठेव मुलीला. अंमलबजावणीही तिनेच पाहावी. तराजू जुना आहे, गिऱ्हाइकाच्या बाजूने किंचित झुकतो. तसाच राहू द्यावा.

२. दुकानाच्या पाटीवरची ‘निसर्गाचे, म्हणून निर्धोक’ ही ओळ पुसून टाकावी. ती मी लिहवून घेतली होती. मुलीची आई तेव्हाच म्हणाली होती, “धोतराही निसर्गाचाच की हो.” मी हसण्यावारी नेले.

३. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, वाळलेली फुले मुलीने विकावीत, पण विचारल्याशिवाय नाही. झोपेसाठी लोक ती मागतात. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. छातीठोक सांगावे इतका पुरावा नाही. झोपेची गोळी किंवा दारू चालू असेल, मन खचलेले असेल, दिवस गेलेले असतील, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर पुडी न देता डॉक्टरांकडे पाठवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करायला सांगावे. गिऱ्हाईक चिडले तर चिडू द्यावे. मी एकदाच विचारले नाही, आणि तेही घरातच.

४. आमच्या डब्यातली फुले तीन वर्षांची होती. जुनी झाली की त्यांना वापरलेल्या मोज्यांचा वास येतो आणि जोरही उतरतो. म्हणून मुलीच्या आईला झोपेसाठी एकाऐवजी दोन चमच्यांचा काढा करून द्यायचो; डब्यावर तशी चिठ्ठी मीच चिकटवली होती. नवा माल आला तो त्याच डब्यात ओतला. बोटांना पिवळी, चिकट भुकटी लागली, माल ताजा आहे म्हणून खूश झालो. चिठ्ठी तशीच राहिली. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तिला झोपेची गोळी सुरू केली होती, हेही मला ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आज पाय माझे नाहीतसं वाटतंय.”

मी म्हणालो, “झोप चांगली झाली म्हणायची.”

ती जिना उतरू लागली आणि पाचव्या पायरीवरून पडून गेली. डॉक्टरांनी विचारले, आणखी काही घेत होत्या का. मी नाही म्हणालो. काढ्यानेच झाले हे मी सिद्ध करू शकत नाही. पायरीने झाले नाही, हे मात्र सांगू शकतो. तेव्हापासून सहा वर्षे मी प्रत्येक पायरी हलवून पाहतो आहे. एकही हलत नाही.

५. जिना सुताराने केला होता. मेहुण्याने त्याला भर गल्लीत सुनावले, “तुझ्या पायरीनं माझी बहीण नेली.” मी शेजारीच उभा होतो. सुतार मेहुण्याकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिला. पुढे या गल्लीत कोणी त्याला काम दिले नाही. मेहुण्याला माझे घड्याळ द्यावे, पण कलम चार त्याला मोठ्याने वाचून दाखवल्यानंतरच.

६. तिच्या उशीतली हॉप्सची फुले जाळावीत. बाहेर टाकू नयेत, कुत्र्यांना ती विषारी असतात.

७. सुताराला मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, आणि मला त्याची सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही. त्याने वाचावा, अशी माझी विनंती आहे.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३
लिहून ठेवणार: (सही)

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: (सही) शेजारचा शिंपी
साक्षीदार २: (सही) सुतार. वाचले. जिना पक्का होता हे मला माहीत होते. तुम्हाला माहीत आहे हेही.