ताब्याचा बुधवार

छत्रपती संभाजीनगर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, धाकट्या विशाखाचा जयभीम.

पाचोडला सगळे बरे असाल. आईचा गुडघा कसा आहे? माझी हॉस्पिटलची ड्यूटी चालूच आहे. गृहप्रवेश कधी, असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि मी नळाचं काम चाललंय म्हणाले. ते खरं नव्हतं. फोनवर बोलता येईना, म्हणून लिहितेय.

बँकेच्या लिलावात घेतलेल्या आपल्या सिडकोतल्या घरात माणसं राहत होती. दत्तोपंत नावाचे रिटायर क्लार्क आणि त्यांच्या पत्नी कालिंदीबाई. मुलाच्या धंद्यासाठी दत्तोपंतांनी घर गहाण ठेवलं, धंदा बुडाला, आता मुलगा फोन उचलत नाही. गेल्या बुधवारी बँक पोलिस नेऊन ताबा देणार होती. आधी माणसं बघून तरी ये, असं हे म्हणाले, म्हणून त्याआधीच्या रविवारी गेले.

भाड्यानं खोली बघायला आलेय असं समजून कालिंदीबाईंनी मला घर दाखवलं. मागच्या खोलीत ऊन कधी येतं, कोणती खिडकी पावसात गळते, सगळं. दत्तोपंत नुसते मागं मागं. फाटकाशी येऊन हळूच म्हणाले, "तिला ठाऊक नाही. नोटिसा मी कपाटात ठेवल्या."

मी म्हणाले, आजच सांगा, पोलिसांकडून कळू देऊ नका. ते आत जाऊन खुर्चीत बसले आणि पेपर चाळू लागले. शेवटी मीच सांगितलं.

कालिंदीबाई रडल्या नाहीत. नवऱ्याला एवढंच विचारलं, "सही तुम्ही केली होती?" त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आठ दिवस द्या बाई. पोलिस नकोत."

बँकेत बोलून मी तारीख पुढं ढकलून घेतली. गुलमंडीजवळ त्यांना दोन खोल्या मिळाल्या. काल ह्यांनी त्यांचं सामान टेम्पोत चढवायला मदत केली. कालिंदीबाईंनी घर झाडून किल्ली माझ्या हातात दिली. टेम्पोत पुढं दत्तोपंतांशेजारी जागा होती, तरी त्या मागं सामानात जाऊन बसल्या.

दादा, ह्यांच्या ऑफिसात म्हणतात, विशाखानं लई माणुसकी दाखवली. तसं काही नाही. आठ दिवस मला एकच धास्ती होती, ही माणसं शब्द फिरवतात की काय. वाईट वाटलं, पण घर त्यांनाच राहू द्यावं, असं एकदाही मनात आलं नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तेवीस तारखेला आईला घेऊन ये. घर कुणाचं होतं, ते तिला मीच सांगेन.

किल्ली मिळूनही अजून कुलूप न उघडलेली,
तुझी विशाखा