पॅडलबोर्डाला शीड

९ मार्च, रविवार

मोडलं. लग्न सहा आठवड्यांवर, हॉल ठरलेला, पत्रिका छापायला गेलेल्या — आणि मोडलं!

पप्पा बाहेरून आले, चप्पल काढायचं विसरून दारातच उभे राहिले. "प्रज्योतकडून नकार आलाय," म्हणाले. एवढंच. आई ओट्याला टेकून तिथेच खाली बसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, रडू येईल म्हणून. आलंच नाही. उलट खांदे एकदम हलके झाले. आरशात बघितलं तर मी चक्क —

नको. हे इथेच राहू दे.

११ मार्च, मंगळवार

सुमनआत्या तळेगावहून आली. माझा हात धरून रडली. मग पप्पांवर घसरली. "तूच नीट बोलला नसशील, बुद्धरत्न. मुलीच्या बापाला वाकावं लागतं!" मोठी बहीण, तिला कोण बोलणार. पप्पा मान खाली घालून चहा पीत राहिले.

मी तोंड पाडून बसले होते. पाडावंच लागतं. सुटल्यासारखं वाटतंय हे सांगू कुणाला?

१६ मार्च, रविवार

सात महिन्यांनी पलंगाखालून बोर्ड काढला. हवा भरायचा पॅडलबोर्ड, उभं राहून वल्हवायचा. प्रज्योतला तो आवडायचा नाही. "लग्नानंतर हे पाण्यातलं बंद हां, श्रद्धा," असं आमच्याच घरी, पप्पांसमोर, हसत हसत म्हणाला होता. मीही हसले होते. वर सॉरी म्हणाले होते. कशाबद्दल सॉरी, आज आठवतही नाही.

स्कूटीवर बांधून पवना धरणाला गेले. दुपारी वारा सुटला. दंड भरून येईपर्यंत वल्हं मारलं, तरी बोर्ड पुढे जाईना. शेवटी गुडघ्यांवर बसून कशीबशी काठाला आले. ज्यांच्या शेतातून मी पाण्यात उतरते ते खंडूभाऊ बांधावर बसून बघत होते. "वाऱ्यासंगं कशापायी भांडती? शीड लाव की!"

थट्टाच केली त्यांनी. पण पिंपळे गुरवला घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

पप्पांना विचारलं. तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस, रिटायर झाल्यापासून हातांना काम नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं — बोर्डाच्या मधोमध काठी, काठीला शीड. काठी सगळ्या बाजूंनी वाकली पाहिजे, गोल फिरली पाहिजे, पण निघाली नाही पाहिजे.

मला वाटलं, म्हणतील, लोक काय म्हणतील, आत्ता कुठे लग्न मोडलंय. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ कागद बघितला.

"भोक पाडायचं नाही. हवेची वस्तू आहे. पट्ट्यांनी आवळू."

बस्स!

२९ मार्च, शनिवार

गोव्याहून मागवलेलं जुनं शीड आणि काठी ट्रॅव्हल्सने आली. काठी दोन तुकड्यांत, तरी रिक्षाच्या बाहेर हातभर. रिक्षावाला म्हणे, "मॅडम, मांडव घालताय का?" मांडव! इतकी हसले की त्यालाच कळेना.

पप्पांनी भोसरीच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर नायलॉनची जाड चकती करून आणली, तिच्यावर रबराचा सांधा. चाकणला कंपनीत मी रोज स्क्रीनवर पार्ट फिरवत बसते. स्वतः काढलेला पार्ट असा हातात कधी आला नव्हता. दिवसभर घरात घेऊन फिरले. आई म्हणाली, "पाळण्यात घाल आता त्याला!" आई थट्टा करतेय. बऱ्याच दिवसांनी.

६ एप्रिल, रविवार

फजिती! अकरा वेळा पडले. शीड पाण्यातून उचलायचं म्हणजे भिजलेली गोधडी ओढून काढायची. एकदाचं वर आलं, वारा भरला, आणि बोर्ड पुढे जायचं सोडून आडवाच सरकायला लागला. पप्पा काठावरून हातवारे करून काहीतरी सांगतायत, मला अक्षर ऐकू येत नाही. खंडूभाऊ पोट धरून हसत होते.

"पंख निस्ता मागं हाय, मधी न्हाई. माशाला निस्त्या शेपटीवर भागतं व्हय?"

बरोबर आहे त्यांचं! मधे खाली पंख पाहिजे, म्हणजे बोर्ड पाण्याला धरून राहील. पप्पांनी तिथेच वहीत मापं घेतली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी पिंपरीला जाऊन अभिवादन करून आलो. दुपारभर पप्पा गॅलरीत मधला पंख कानशीने घासत होते. पांढरा शर्ट बदलायचंही भान नाही.

२० एप्रिल, रविवार

आज माझं लग्न असतं.

आज बोर्ड सरळ गेला!! शीड अंगाकडे ओढलं, आणि पायाखाली पाणी नुसतं सळसळायला लागलं. मी काहीच करत नव्हते, फक्त धरून उभी होते. मोठ्याने ओरडले. काय ओरडले कोण जाणे.

मग पट्टी सरकली. सांध्यासकट काठी उपटली गेली आणि मी पाण्यात. लाइफ जॅकेट होतं, बोर्ड पायाला बांधलेला, म्हणून घाबरले नाही. शीड गुंडाळून बोर्डावर घेतलं आणि वर आडवी झाले. वारा मला पलीकडे नेत होता. मागे वळून बघितलं — पप्पा कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात. पप्पांना पोहता येत नाही! तेव्हा मात्र घाबरले. "मागे फिरा" म्हणून किती ओरडले, सगळं वाऱ्यावर गेलं. मग ते दिसेनासेच झाले.

पलीकडच्या काठाला लागले. चिखल, बाभळी, माणूस नाही. मोबाइल पिशवीत कोरडा, पण रेंज नाही. तो एक तास! काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

मग खंडूभाऊंची होडी दिसली. पुढे पप्पा, दोन्ही कडा घट्ट धरून.

"लागलं का?"

"नाही."

"पट्टी मी आवळली होती. चूक माझी."

"वाराच जास्त होता, पप्पा."

पप्पा चिखलात उतरले आणि रडायला लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं — "पप्पा, लग्न मोडलं ना, मला बरं वाटलं. त्याच दिवशी. कुणाला सांगू नका."

त्यांनी मान वर केली. "खरं?"

"खरं."

"मग झालं," म्हणाले, आणि केवढा मोठा श्वास सोडला! तोंडावरून हात फिरवला आणि चक्क हसले. खंडूभाऊ वल्हं धरून ताटकळलेले. "चला, बाप-लेकीचं झालं आसंल तर. चहा गार व्हतोय तिकडं."

२७ एप्रिल, रविवार

पट्टीला आता दुहेरी बकल. गेले, वळले, परत आले. निघाले होते तिथेच!

४ मे, रविवार

सकाळी प्रज्योतचा मेसेज. "तुझ्या पप्पांनी घरी येऊन नको म्हणून सांगितलं होतं, मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. मी अजून तयार आहे."

तीनदा वाचला.

बाहेरच्या खोलीत पप्पा आत्याशी फोनवर बोलत होते. "हो गं ताई. माझंच चुकलं. वाकायला पाहिजे होतं."

मी प्रज्योतला लिहिलं — "आता माझाही नकार." पाठवलं.