तिसऱ्या पानावरची कोरी जागा

शोवा ४३ (सन १९६८), ११ सप्टेंबर, बुधवार

आले: स्टेन्सिल कागद, एक खोका, ४८० येन. शाईची नळी, १२०. तोफूच्या वड्या दोन, ६०. खारवलेला बांगडा एक, ५५. आणि ह्यांच्या शाळेत एक नवी बाई. ती फुकट, पगार सरकार देते.

"इंग्रजीला ओगिता म्हणून बाई आल्यात. तोक्योच्या. बाळंतपणाच्या रजेची जागा, मार्चपर्यंत." जेवताना एवढे बोलले! एरवी जेवताना ह्यांच्या तोंडून "चहा" याखेरीज शब्द निघत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सतरा वर्षे ह्यांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी प्रती छापायच्या स्टेन्सिल मीच कापते. खाली दातेरी लोखंडी पाटी, वर मेणकागद, हातात लोखंडी लेखणी. जेवण झाले की हे शेजारी बसून सांगतात, मी कापते. वर गोष्टीची इंग्रजी ओळ, खाली तिचा जपानी अर्थ. शाळेत पोरे तो अर्थ पाठ करतात, परीक्षेत उतरवतात. "मियाकोशी मास्तरांचा अर्थ" म्हणून गावात नाव आहे. मूल आम्हाला झाले नाही. संध्याकाळी दोघांमध्ये ही पाटी असते.

माझे इंग्रजी दोन वर्षांचे. तिसऱ्या वर्षी ती शत्रूची भाषा ठरली आणि मुलींच्या शाळेने आम्हाला पॅराशूट शिवायला बसवले. मॅट्रिक झाले ते सुई हातात धरूनच. तरी अक्षर माझे छापील. अर्थ ह्यांचे, अक्षर माझे.

आज म्हणाले, "अर्थ नको. नुसतं इंग्रजी काप."

"का हो?"

"ओगिताबाई म्हणतात, अर्थ आधी हातात दिला की पोरं गोष्ट वाचतच नाहीत."

अर्ध्या तासात काम संपले. हे वर्तमानपत्र घेऊन बसले. मी पाटी पुसत राहिले. पुसायला काही नव्हते.

२३ सप्टेंबर, सोमवार. शारदीय विषुव, पितरांचा दिवस

सासूबाईंच्या थडग्यावर फुले, ९० येन. देवळातून येताना मासळीबाजारात ती दिसली. सायकलवर! केस मानेपर्यंत कापलेले. तिनेच ओळखले.

"मियाकोशी मास्तरांच्या घरच्या ना तुम्ही? अहो, तुमचं अक्षर! मला वाटायचं छापखान्यातून येतं."

वाकून नमस्कार केला. तोंड गोड ठेवले. शिवी दिली असती तर बरे झाले असते. स्तुतीचा राग कुणाकडे घेऊन जायचा?

३ ऑक्टोबर, गुरुवार

"ओगिताबाई म्हणतात" — आज जेवताना सात वेळा. मोजले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सलग तिसरा गुरुवार उशिरा आले. "अभ्यासमंडळ होतं." मंडळात कोण कोण? "मी आणि ओगिताबाई." वा! दोघांचे मंडळ.

घसा बसलेला. बाही कोपरापर्यंत खडूने पांढरी. न्हाणीत गरम पाण्यात बसून स्वतःशीच इंग्रजी पुटपुटत होते, मग थांबून हसले. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, न्हाणीत हसलेले ऐकले नव्हते.

शेजारच्या त्सुजी वहिनींना सहज म्हणून विचारले. त्यांचे यजमान त्याच शाळेत गणिताला आहेत. वहिनी म्हणाल्या, "पुरुष पंचेचाळिशीला आला की कुंडीतली झाडं खुरटवत बसतो, नाहीतर असलं काहीतरी. तुमच्यांना एक कुंडी आणून द्या."

कुंडी २०० येन. बाजारात चौकशी केली. घेतली नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

बावीस तारखेला शाळेत खुला पाठ आहे. आठ शाळांचे मास्तर आणि निरीक्षक वर्गात मागे उभे राहून बघणार. हे कच्चे कागद घेऊन आले. "ओगिताबाईंनी गोष्ट निवडली आहे. सावकाश काप. घाई नाही."

सगळे तिच्या हातचे. इंग्रजी 'जी' अक्षराची शेपटी उगाच लांब. पाठ अर्थात तिचाच. नवी, तरुण, तोक्योची. मिरवायला तीच पुढे. आणि तिच्या मिरवणुकीची पालखी मी सजवायची!

अर्थाची एकही ओळ सोबत नाही. ह्यांना विचारायचे नाही असे ठरवले. हे शाळेत गेले की त्यांचा जुना शब्दकोश काढायचा.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी मुळा वाळत घातला, मग दोन तास शब्दकोश. आज सहावा दिवस. गोष्ट संपली. वाचली! मी!

खेड्यातला एक म्हातारा पोस्टमास्तर. एका बाईच्या नावाचे पत्र त्याच्याकडे अकरा वर्षे पडून आहे. ती गावात राहते, रोज समोरून जाते, पण न्यायला येत नाही. उद्या हा नोकरीतून निवृत्त होणार. पत्र फोडावे, जाळावे, की खिशात घालून न्यावे? रात्रभर समोर घेऊन बसतो. सकाळी स्वतःच्या पैशांनी नवे तिकीट लावतो आणि तेच पत्र पुन्हा पेटीत टाकतो. संपली.

एक तिकीट फुकट घालवले, हे पहिले मनात आले. मग भात लावताना पुन्हा तोच आठवला. बांगडा भाजतानाही तोच. कुणाशी तरी बोलावेसे वाटत होते. हे समोर बसून जेवत होते. म्हणाले, "चहा."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज ह्यांनी तिसऱ्या पानाचे नीट समजावून दिले. कच्च्या कागदावर लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी लिहिले: यापुढे कोरे.

"पोस्टमास्तर पत्र समोर घेऊन बसतो, तिथे थांब. खालचा अर्धा कागद रिकामा. शेवट वेगळ्या चिठ्ठीवर. पोरं आधी त्या रिकाम्या जागेत लिहितील, आपण असतो तर काय केलं असतं. मग भांडतील. मग शेवट वाटायचा."

"भांडतील? वर्गात?"

"तेच तर शिकवणं, ओगिताबाई म्हणतात. साहित्यात मास्तरनं विचारायचं आणि गप्प बसायचं."

डोळे कसे चमकत होते ह्यांचे! सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना विचारणार, तुला काय वाटतं गं. सतरा वर्षे ह्यांच्या शेजारी बसून मी किती गोष्टी कापल्या. शंभर? दीडशे? मला कधी कुणी विचारले?

देव्हाऱ्यापुढे बसले. अमिदा बुद्धाचे नाम घेतले. मन लागले नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तिसरे पान कापले. लाल रेघेपाशी थांबले. खाली अर्धा कागद, चांगला, न वापरलेला. चाळीस प्रती, म्हणजे वीस कागद वाया. शिवाय चिठ्ठ्यांचे कागद वेगळे. ज्या घरात भाताचे शीत टाकत नाहीत, त्या घरात हे!

शेवट तिथेच कापला. अक्षर नेहमीसारखेच आले. चिठ्ठीची स्टेन्सिलही वेगळी कापून ठेवली, म्हणजे कुणी म्हणायला नको.

हे तपासत नाहीत. सतरा वर्षांत कधी तपासले नाही. शाळेत शिपाई छापतो, घड्या घालून गठ्ठा करतो.

कागद वाचवला. बस्स.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

देवळात पंथाच्या आद्य गुरूंच्या पुण्यतिथीचा सप्ताह बसला. प्रवचनात भिक्षू म्हणाले, "आपल्या वाटीतले दाणे मोजावेत, शेजारणीच्या नव्हे." माझ्याकडेच बघून बोलले की काय! दक्षिणा ५० ठरवली होती, १०० टाकली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हे लवकर आले. बूट काढून बराच वेळ पायरीवरच बसून होते.

"झाला का पाठ?"

"झाला. अक्षर सुंदर आहे म्हणाले सगळे."

एवढेच. न्हाणीत आज आवाज नाही. तिच्यासाठी वाईट वाटले असणार! ती रडली असेल, ह्यांनी रुमाल दिला असेल. वाईट वाटून घेणारच. घ्या.

मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कपडे वाळत घालताना त्सुजी वहिनी कुंपणाशी आल्या.

"अहो, काल तुमच्यांची काय तारांबळ हो! आमच्या ह्यांनी सांगितलं."

"आमच्यांची? पाठ तर ओगिताबाईंचा होता."

"छे! पाठ मियाकोशी मास्तरांचा. बाई मागच्या रांगेत पाहुण्यांत उभ्या. तुम्हाला ठाऊक नाही? घरात एवढं गुपित?"

मग सगळे सांगितले. ह्यांनी विचारले, आता या म्हाताऱ्यानं काय करावं? तर दुसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, ते खाली छापलंय." वर्ग हसला. पाहुणेही हसले. हे खडू हातात धरून उभे राहिले. कुणी म्हणते एक मिनिट, कुणी म्हणते तीन. मग पहिल्या ओळीपासून अर्थ सांगायला लागले. आपल्या त्या जुन्या आवाजात, तास संपेपर्यंत. निरीक्षकांनी वहीत लिहिले म्हणे, "नेहमीप्रमाणे नीटनेटके."

"आणि त्या बाई पुढे येऊन म्हणाल्या, कच्चा कागद मीच चुकीचा दिला. मुख्याध्यापक चिडलेत. पाहुण्यांसमोर शाळेचं हसं झालं ना!"

ओला सदरा हातातच राहिला. ह्यांचाच होता.

२४ नोव्हेंबर, रविवार

म्हणजे गुरुवारचा तो खडू. रिकाम्या वर्गात उभे राहून हे शिकत होते. ती बाकावर बसून शिकवत होती.

विचारले, "मला का सांगितलं नाहीत?"

वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "सतरा वर्षं तुला अर्थ सांगत आलो. तुझ्यासमोर 'मला ठाऊक नाही, तू सांग' म्हणायचा सराव करायचा? लाज वाटली. म्हटलं, आधी जमू दे."

"पान कसं चुकलं पण?"

माझ्याच तोंडून हा प्रश्न! ऐकणाऱ्याला वाटेल, काळजीने विचारते आहे.

"लाल खूण करायला विसरलो असेन," म्हणाले. "वय झालं."

लाल खुणेचा कागद माझ्या शिवणाच्या पेटीत आहे. चुलीत टाकला तर एक क्षण लागेल. चूक कायमची ह्यांची नाहीतर तिची.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मुख्याध्यापकांनी ओगिताबाईंना सांगितले, डिसेंबरनंतर येऊ नका. मार्चपर्यंतची जागा होती. तिने एका शब्दाने माझे नाव घेतले नाही. कागद माझ्या हातून गेला हे तिला ठाऊक आहे. शेवट कुणी कापला हेही तिला कळले असेलच. अक्षराची तिनेच स्तुती केली होती.

हेवा आजही वाटतो. आता तिच्या केसांचा नाही, सायकलचा नाही. चूक अंगावर घेऊन सरळ उभी राहते याचा. माझ्याच्याने चार दिवसांत एक वाक्य बोलवले नाही.

देव्हाऱ्यापुढे भात ठेवला. पापी माणूस आधी तरतो म्हणतात अमिदाच्या दारी. पण दारापर्यंत चालायचे तर ज्याचे त्यानेच ना?

उद्या सकाळी बोलणार. नाही जमले तर लाल खुणेचा कागद ह्यांच्या डब्याखाली फडक्यात बांधणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बोलणे जमले नाही. कागद बांधला.

संध्याकाळी हे आले. मी डबा धुवायला घेतला. उघडला तर आत तोच कागद, चौघडी करून, लोणच्याचा डाग पडलेला. लाल रेघेखालच्या कोऱ्या जागेत ह्यांचे अक्षर, वाकडे, पेन्सिलीने:

"खूण केली होती, हे मला शुक्रवारीच आठवलं होतं. ओगिताबाईंची जागा जाता कामा नये. उद्या मुख्याध्यापकांकडे आपण दोघांनी जायचं, मी बरोबर आहे. खाली जागा उरली आहे. त्या पोस्टमास्तरच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? मला ठाऊक नाही, तू सांग. जपानीत चालेल. उलट टपाली कळवावे."